विश्लेषण : शिष्यवृत्ती, पगारातील बचत आणि मित्राचे कर्ज... डॉ. आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाचा खर्च कसा भागला?

परदेशातील विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले, की घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो. फी किती, राहण्याचा खर्च किती, शिष्यवृत्ती मिळाली नाही तर काय, कर्ज कोण देणार आणि मध्येच पैसे संपले तर? शंभर वर्षांपूर्वी हे सगळे प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासमोरही होते. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन ही नावे आपण त्यांच्या पदव्यांबरोबर नेहमी वाचतो. या पदव्यांसाठीचा पैसा कुठून आला, तो कधी संपला आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा कसे सुरू झाले, याची चर्चा मात्र कमी होते. बाबासाहेबांच्या आयुष्यातील १९१३ ते १९२३ या दहा वर्षांचा हा हिशेब.

घरची परिस्थिती कशी होती?

भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर पेन्शन आणि मिळेल त्या नोकरीवर घर चालत होते. मुंबईत परळच्या चाळीतील लहानशा खोलीत कुटुंब राहत असे. मुलाच्या अभ्यासाची पुस्तके आणायची, तर मुलीच्या अंगावरचा दागिना गहाण टाकण्याची वेळ रामजींवर येई.

भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश घेतला, पण खर्च वडिलांना झेपेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी मदतीला धावले. त्यांनी या हुशार मुलाची गोष्ट बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कानावर घातली आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. कॉलेजचे शिक्षण या पैशांवर पूर्ण झाले. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन भीमराव बी. ए. झाले.

पहिली मदत अशी आली. अर्ज मागवणारी जाहिरात नव्हती, ठरलेले निकष नव्हते. एका शिक्षकाने शब्द टाकला आणि एका राजाने तो मानला. बाबासाहेबांच्या पुढील सगळ्या शिक्षणावर या गोष्टीची छाया राहिली.

बडोद्याची परदेशी शिष्यवृत्ती किती होती?

पदवीनंतर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. घरचा आधार गेला होता आणि पत्नी, लहान मूल व इतर कुटुंबीयांची जबाबदारी अंगावर आली होती.

त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवण्याच्या विचारात होते. भीमराव मुंबईत महाराजांना भेटले. त्यांची निवड झाली. शिष्यवृत्ती ठरली दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे.

त्या काळी एका पौंडाला साधारण १५ रुपये पडत. म्हणजे महिन्याला १७२ रुपयांच्या आसपास. अमेरिकी चलनात ही रक्कम ५६ डॉलरच्या घरात जाते. तीन वर्षांची बेरीज केली तर ४१४ पौंड, म्हणजे सुमारे सहा हजार दोनशे रुपये होतात. वरवर पाहता ही मोठी रक्कम. पण तिच्यातून न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरातले राहणे, जेवण, कपडे, पुस्तके भागवायची होती आणि मुंबईतील घराकडेही पाहायचे होते.

अटी कोणत्या होत्या?

जून १९१३ मध्ये भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला. ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, अशा त्यातील मुख्य अटी होत्या. आजच्या भाषेत हा सेवेचा बाँड झाला. तीन वर्षांच्या पैशांच्या बदल्यात दहा वर्षांची नोकरी.

बावीस वर्षांच्या तरुणाला हा सौदा नाकारण्याची मुभा नव्हतीच. दुसरीकडून एवढी मदत मिळण्याची शक्यता नव्हती. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

न्यूयॉर्कमध्ये पैसे कसे पुरवले?

सुरुवातीचे काही महिने जागा बदलण्यात गेल्यानंतर भीमराव विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहू लागले. तिथे त्यांची नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी मैत्री झाली. या मैत्रीचा पैशांच्या हिशेबाशी पुढे फार जवळचा संबंध आला.

तीन वर्षांची मुदत ठरलेली होती. त्यामुळे एकेक दिवस मोलाचा होता. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांचे वर्ग त्यांनी घेतले. जेवणावर आणि करमणुकीवर हात आखडता ठेवला. पैसे खर्च झाले ते जुन्या पुस्तकांवर. न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१९१५ मध्ये एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. त्याच वर्षी पीएच. डी.चा प्रबंधही सादर झाला. म्हणजे शिष्यवृत्तीच्या तीन वर्षांत एम. ए. आणि डॉक्टरेटचे काम दोन्ही हातावेगळे केले होते.

एक खर्च मात्र राहिला होता. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पीएच. डी. रीतसर मिळत नसे. तो ग्रंथ ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर होता. लंडनच्या प्रकाशकाने तो १९२५ मध्ये काढला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. अभ्यास पूर्ण आणि पदवी हाती यांमध्ये अकरा वर्षे गेली.

लंडनमध्ये फी किती होती?

१९१६ च्या उन्हाळ्यात भीमराव लंडनला आले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव नोंदवले आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासक्रमाची फी तेव्हा होती १० पौंड १० शिलिंग. त्या काळी २० शिलिंगांचा एक पौंड होई. म्हणजे फी साडेदहा पौंड. भीमरावांची महिन्याची शिष्यवृत्ती साडेअकरा पौंड होती. अभ्यासक्रमाची फी एका महिन्याच्या शिष्यवृत्तीपेक्षाही कमी!

हा आकडा लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांच्या मार्गातला अडथळा फी नव्हती. अडथळा होता तो दर महिन्याला राहण्याजेवण्याचा खर्च आणि तो किती महिने भागवता येईल हा. परदेशी शिक्षणाचा अंदाज बांधताना आजही अनेक कुटुंबे फीचाच आकडा धरून बसतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते, तरी राहण्याचा खर्च मोठा असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनचे गणितही असेच होते.

शिक्षण अर्धवट का राहिले?

लंडनमधील पहिले वर्ष संपते न संपते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. मुदत आणखी वाढवून मिळावी ही विनंती मान्य झाली नाही. बडोद्याहून परत येण्याची सूचना आली. लंडनचा प्रबंध आणि बॅरिस्टरीचा अभ्यास दोन्ही अर्धवट होते.

इथे भीमरावांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. अभ्यासक्रम सोडून न देता त्यांनी विद्यापीठाकडे रजा मागितली. लंडन विद्यापीठाने १९१७ मध्ये चार वर्षांपर्यंतची रजा मंजूर केली. नोंदणी टिकली. परतीचा दरवाजा उघडा राहिला.

मायदेशी येताना पहिले महायुद्ध सुरू होते. भीमराव स्वतः एका जहाजाने आले, त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने निघाले होते. ते जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडवले. सामानाबरोबर कष्टाने जमवलेल्या पुस्तकांचा मोठा भाग समुद्रात गेला. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत पोहोचले तेव्हा हाती पैसाही नव्हता. सामानाच्या भरपाईपोटी जी रक्कम मिळाली, तिच्यातूनच घरखर्च आणि बडोद्याचा प्रवास भागवावा लागला.

दहा वर्षांच्या कराराचे काय झाले?

करारानुसार भीमराव बडोद्यात रुजू झाले. पण शहरात राहायला जागा मिळेना. कोलंबियात शिकून आलेला हा अधिकारी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा आहे हे कळताच दारे बंद होत. शेवटी त्यांनी आपली ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत मुक्काम केला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव तिथे आला आणि त्यांना बाहेर काढले गेले. हिंदू आणि ख्रिस्ती ओळखीच्या घरीही आसरा मिळाला नाही. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. अखेर बडोदा सोडून ते मुंबईला परतले.

शिष्यवृत्तीच्या कागदावर सगळे होते. रक्कम, मुदत, विषय, नोकरीची वर्षे. ज्या गावात नोकरी करायची तिथे या माणसाला राहायला घर मिळेल का, हे मात्र कुणी लिहिले नव्हते. पैसा मिळाला, पदवी मिळाली, तरी जात आडवी आली. पैशांची अडचण आणि जातीची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी सुटल्याशिवाय पहिली सुटूनही भागत नाही, हे बडोद्याने दाखवून दिले.

पुन्हा जाण्यासाठी पैसे कसे उभे राहिले?

मुंबईत आल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देण्याचे कामही करून पाहिले. पण सल्लागाराची जात समजताच ग्राहक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार दरमहा ४५० रुपये. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला.

४५० रुपये हा त्या काळी चांगला पगार होता. तरीही कुटुंब परळच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले. राहणीमान वाढवले नाही, कारण प्रत्येक महिन्याला काही रक्कम लंडनसाठी बाजूला पडत होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तोवर सुमारे १६ महिने नोकरी झाली होती. एकूण पगार साधारण सात हजार दोनशे रुपये होतो. घरखर्च वजा जाता उरलेल्या शिलकीवर लंडन गाठणे शक्य नव्हते.

मग तीन धागे एकत्र आले. पहिला, स्वतःची बचत. दुसरा, कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांची मदत. जानेवारी १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘मूकनायक’ या पाक्षिकालाही महाराजांनी हातभार लावला होता आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी या तरुणाचे नेतृत्व जाहीरपणे उचलून धरले होते. तिसरा धागा कोलंबियातील मित्राचा. नवल भथेना यांनी पाच हजार रुपयांचे कर्ज दिले. हा आकडा सिडनहॅममधील अकरा महिन्यांच्या पगाराहून जास्त होता. तारण म्हणून ठेवण्यासारखे काहीच नव्हते. विश्वास हेच तारण.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. रजेची चार वर्षे संपायच्या आत ते परतले होते. या वेळी कोणत्याही संस्थानाचा बाँड डोक्यावर नव्हता. त्याबरोबर दर महिन्याला येणारी ठरलेली रक्कमही नव्हती.

लंडनमध्ये दिवस कसे काढले?

मधल्या काळात फी वाढली होती. आता ती ११ पौंड ११ शिलिंग झाली होती. पण खरी कात्री पुन्हा राहण्याजेवण्यावरच लावावी लागली.

ते एका खाणावळवजा घरात राहत. सकाळी पावाचा तुकडा, थोडे मासळीचे सारण आणि कपभर गरम पेय एवढाच नाश्ता असे. मग चालत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. दार उघडताना आत शिरायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. दुपारच्या जेवणाला सुट्टी नसे, कारण वेळही वाचवायचा होता आणि पैसेही. रात्री पोट रिकामे राही. एका ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खाण्याचा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. वाचन मात्र पहाटेपर्यंत चाले.

पुढे ते लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ही वास्तू विकत घेतली आणि आज तिथे त्यांचे स्मारक आहे.

रुपया घसरला तेव्हा काय झाले?

परदेशी शिक्षणाच्या हिशेबात एक खर्च असा असतो जो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो म्हणजे विनिमय दर. भीमरावांना त्याचा अनुभव याच काळात आला.

पहिल्या महायुद्धापूर्वी एक रुपया म्हणजे १ शिलिंग ४ पेन्स असा दर जवळजवळ स्थिर होता. युद्धानंतर चांदी महागली आणि रुपया वर चढला. १९२० च्या सुरुवातीला तो दोन शिलिंगांच्याही वर गेला. सरकारने दोन शिलिंगांचा दर टिकवण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला आणि १९२१ मध्ये रुपया पुन्हा जुन्या दराच्या आसपास व त्याहूनही खाली आला.

याचा अर्थ काय? समजा कुणाकडे पाच हजार रुपये आहेत. दोन शिलिंगांच्या दराने त्याचे ५०० पौंड होतात. दर १ शिलिंग ४ पेन्सवर आला, की त्याच पाच हजारांचे ३३३ पौंडच हाती पडतात. भारतात एक पैसाही कमी झालेला नसतो, पण लंडनमध्ये तिसरा हिस्सा गायब झालेला असतो. भारतातील रुपयांवर लंडनमध्ये जगणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेव्हा हा फटका बसत होता.

सप्टेंबर १९२१ मध्ये भीमरावांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड मागितले. मागणी देणगीची नव्हती, कर्जाची होती. मित्र भथेना यांच्याकडेही पुन्हा शब्द टाकावा लागला.

विशेष म्हणजे याच काळात ते ज्या प्रबंधावर काम करत होते, त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न. रुपयाची किंमत कशी ठरते, ती अस्थिर झाली तर कुणाचे नुकसान होते आणि सरकारच्या हाती चलन वाढवण्याची किती मोकळीक असावी, याची चिकित्सा त्यात होती. पुढे १९२५ मध्ये भारतीय चलनाबाबत नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी याच विषयावर साक्ष दिली.

शेवटी पदव्या मिळाल्या कशा?

१९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. जून १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही शिकण्याचा त्यांचा प्रयत्न होता, पण तो पुढे गेला नाही. डी. एस्सी.साठीचा प्रबंध मार्च १९२३ मध्ये सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही. दुरुस्त्या करणे भाग होते. लंडनमध्ये थांबण्याइतके पैसे मात्र उरले नव्हते.

एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि दुरुस्तीचे काम इथूनच केले. ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा सादर झाला, नोव्हेंबरमध्ये स्वीकारला गेला आणि लगेचच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. वकिली सुरू करायची तर सनदेसाठीही पैसे लागत होते. तेव्हाही नवल भथेना पुढे आले.

या हिशेबात रमाबाई कुठे आहेत?

वरील सर्व आकड्यांत एक नाव कुठेच दिसत नाही, ते रमाबाईंचे. पती परदेशात असताना मुंबईतील संसार त्यांनी ओढला. येणारी रक्कम अपुरी आणि अनियमित होती. काटकसर लंडनमध्ये होती, तशीच परळमध्येही होती. भीमराव आणि रमाबाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत मोठे झाले, चार मुले लहानपणीच गेली. सततच्या कष्टांनी खालावलेली रमाबाईंची प्रकृती पुढे सुधारली नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

शिष्यवृत्तीचे पौंड मोजता येतात, कर्जाचे रुपये मोजता येतात. घरच्या माणसाने सोसलेल्या गोष्टींची नोंद कोणत्याही वहीत नसते. बाबासाहेबांनी ती आपल्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिकांत ठेवली. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी शिक्षणातील मदतीची कृतज्ञता म्हणून सयाजीराव महाराजांना अर्पण केला. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला वाहिला आणि पाकिस्तानवरील ग्रंथ रमाबाईंच्या.

मदतीकडून हक्काकडे प्रवास कसा झाला?

बाबासाहेबांचे शिक्षण पूर्ण झाले, कारण केळुसकर गुरुजी भेटले, सयाजीराव आणि शाहू महाराजांसारखे राजे भेटले, भथेनांसारखा मित्र भेटला. यांतले एक माणूस भेटले नसते तर? शिष्यवृत्ती जेव्हा कुणाच्या मर्जीवर असते, तेव्हा मर्जी बदलताच ती संपते. बडोद्याची मुदत वाढली नाही तेव्हा त्यांनी हे अनुभवले होते.

म्हणूनच सत्तेचे पद हाती आल्यावर त्यांनी या प्रश्नाला हात घातला. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या शिक्षणासाठी, विशेषतः उच्च आणि परदेशी शिक्षणासाठी, सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली. त्यांच्या पाठपुराव्यातून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि काही विद्यार्थी परदेशी शिकायलाही गेले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना १९४४-४५ पासून सुरू झाली. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजना आली.

आज महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची परदेशी शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने दिली जाते. मराठा व कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ची परदेशी शिष्यवृत्ती सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने आहे. ज्या दोन राजांनी एका विद्यार्थ्याला हात दिला, त्यांची नावे आज दरवर्षी अनेक विद्यार्थ्यांच्या अर्जावर असतात. फरक इतकाच, की आता ओळखीची नव्हे, निकष पूर्ण करण्याची गरज असते.

आजच्या विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, फी आणि राहण्याचा खर्च वेगळा मांडा. दर महिन्याचा खर्च गुणिले महिने, हा हिशेब आधी करा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी फीव्यतिरिक्त कमाल नऊ महिन्यांच्या राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दाखवावा लागतो. जर्मनीसाठी वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम विशेष खात्यात आधी भरून ठेवण्याची पद्धत आहे. ही रक्कम ऐनवेळी उभी राहत नाही.

दुसरी, अटी नीट वाचा. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत फी, निर्वाह भत्ता, विमानभाडे, व्हिसा शुल्क आणि विमा यांचा समावेश असतो. पण उत्पन्न, वय, विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान यांच्या मर्यादा असतात आणि त्या बदलतात. चालू वर्षाची जाहिरात पाहूनच अर्ज करावा. परत येण्याची अट आहे का, मुदत वाढते का, हप्ता कधी जमा होतो, हेही आधी विचारावे.

तिसरी, एकाच ठिकाणी अवलंबून राहू नका. बाबासाहेबांचा दुसरा लंडन प्रवास बचत, मदत आणि कर्ज या तिन्हींवर उभा होता. सरकारी योजनांबरोबर विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या, चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, फुलब्राइट-नेहरू, जर्मनीची डीएएडी यांचा विचार करावा. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आजही आहे. बँकेचे कर्ज घेताना शिक्षण चालू असताना व्याज कसे धरले जाते, ते लेखी घ्यावे.

चौथी, रुपया घसरेल हे धरूनच चाला. एकूण खर्चाच्या अंदाजात त्यासाठी वेगळी रक्कम ठेवा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर दुसऱ्या वर्षाचा दर आज कुणालाच माहीत नसतो.

आणि पाचवी, पैसे संपले म्हणून नाव काढू नका. आधी रजा मागा, मुदत मागा, प्रवेश पुढे ढकलता येतो का ते विचारा. १९१७ मध्ये लंडन विद्यापीठाने दिलेल्या चार वर्षांच्या रजेसाठी एक पैसाही लागला नव्हता, फक्त वेळेत अर्ज करावा लागला होता. तो केला नसता, तर १९२० मध्ये बचत, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांचे पाच हजार हाताशी असूनही सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागले असते.